पेटी सोडून सीडी नेणाऱ्या सद्गृहस्थांस

रा. रा. (नाव ठाऊक नाही, झब्बा ठाऊक आहे) यांस,

सा. न. वि. वि.

नरक चतुर्दशीच्या पहाटे, साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान, पुण्यातल्या एका नाट्यगृहाच्या बाहेरच्या दालनातून आपण एक निळी बॅग उचलून नेलीत. तीत माझ्या पेटीवादनाच्या १६० सीडी होत्या, एक पावतीपुस्तक होतं, क्यूआर कोडचा टेबलावर उभा करायचा ठोकळा होता आणि मावशीने दिलेला चकल्यांचा स्टीलचा डबा होता. आत रंगमंचावर मी नाट्यगीतांना साथ करत होतो. बाहेर आपण आपलं काम करत होतात. दोघांचंही छान जमलं.

सीसीटीव्हीत आपलं दर्शन झालं. मोतिया रंगाचा झब्बा, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. बॅग उचलल्यावर आपण पळाला नाहीत, हे मला विशेष वाटलं. दोन बायकांना ‘जरा वाट द्या’ म्हणालात असं दिसतं. आमच्या मंडळाच्या स्वयंसेवकाने आपल्यासाठी दार धरून ठेवलं आणि वर ‘काका, पायरी आहे, जपून’ असंही सांगितलं, हे त्यानेच मला नंतर मान खाली घालून कबूल केलं. एरवीच्या दिवशी नाट्यगृहात उपरं माणूस ओळखू येतं. दिवाळीत सगळेच नवे कपडे घालून, सुगंधी उटण्याचा वास मारत, अर्धवट झोपेत फिरत असतात. संशय घ्यायचा तो कोणाचा?

आपल्या सोयीसाठी आम्ही काय काय करून ठेवलं होतं, याची जाणीव आपल्याला असावी म्हणून सांगतो. सीडीचं टेबल माझ्या भाच्याकडे होतं. भाचा ‘पाचच मिनिटांत चहा घेऊन येतो’ म्हणून गेला. जाताना शेजारच्या दिवाळी अंकांच्या टेबलावरच्या बाईंना ‘लक्ष ठेवा हं’ म्हणाला, आणि त्या तेव्हा सुट्टे पैसे मोजत असल्याने ‘हो’ म्हणाल्या. पाच मिनिटांची वीस झाली, कारण दिवाळी पहाटेला चहाची रांग वीस मिनिटांचीच असते. निवेदिकेने सुरुवातीला मोबाइल बंद ठेवायला सांगितले, प्रायोजकांची नावं दोनदा वाचली. सामान सांभाळा, एवढं एक वाक्य राहिलं.

मी स्वतः तर याहून पुढे गेलो होतो. पहाटे चार वाजता व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकलं, ‘अभ्यंगस्नान आटोपून सहकुटुंब निघालो, नऊपर्यंत सुरांची आतषबाजी!’ म्हणजे घर रिकामं आहे आणि किती वाजेपर्यंत रिकामं आहे, दोन्ही कळवून मोकळा. गावाला निघालात तर जाहीर करू नका, शेजाऱ्याला सांगून जा, दागिने घरात ठेवू नका, असं पोलीस दर दिवाळीला सांगतात. तो संदेश मी स्वतः तीन ग्रुपवर पुढे पाठवला होता. आपण घरी गेला नाहीत, नाट्यगृहात आलात. रसिकता म्हणतात ती हीच.

आता थोडं दुखावलेल्या सुरात. त्या बॅगेला खेटून माझी जादाची पेटी ठेवलेली होती. पालिताण्याचे सूर, सागवानी अंग, अलीकडेच भाता बदललेला. विकायला गेलात तर गिऱ्हाईक अर्ध्या दिवसात मिळेल आणि किंमत पाच आकडी येईल. आपण ती हाताने बाजूला सारलीत, हे चित्रीकरणात स्पष्ट दिसतं, आणि तिच्यामागची सीडीची बॅग काढून घेतलीत. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं ते पुढे तीसेक वर्षं नीट उघडलं नाही. त्यानंतर तिचा इतका अपमान करणारे आपणच.

असो. माल आता आपल्याकडे आहे आणि विकायचा आहे, तेव्हा धंद्यातला जुना माणूस म्हणून चार गोष्टी सांगणं माझं कर्तव्य आहे. मी एक हजार सीडी काढल्या होत्या. छापखान्याचं गणित असं असतं की तीनशे काढल्या तरी खर्च जवळपास तेवढाच येतो, मग माणूस हजार काढतो आणि पलंगाखाली ठेवतो. पुठ्ठ्याच्या पाकिटासकट नगाला तीस रुपये पडले. छापील किंमत २५०. चार वर्षांत साधारण साडेतीनशे विकल्या. मग उरलेल्या १६० सोडून बाकीच्या कुठे गेल्या, असं आपण विचाराल. त्या ‘सप्रेम भेट’ गेल्या. मराठी माणूस गायकाच्या घरी जेवायला बसून गायकालाच विचारतो, ‘आम्हाला काय विकत देणार का?’ ज्यांना भेट दिल्या त्यांतल्या एकाही घरात ती वाजलेली मी ऐकली नाही. एका घरी कपाखाली ठेवलेली पाहिली. डाग पडू नये म्हणून.

तर पहिला धडा. टेबल प्रवेशाशी मांडू नका, बाहेर पडायच्या दाराशी मांडा. आत जाताना माणूस जागा धरायला धावत असतो. बाहेर येताना त्याच्या कानात शेवटची भैरवी असते आणि हात खिशाकडे जायला तयार असतो. तो हात दहा मिनिटांत थंड होतो. किंमत २५० असली तरी २०० म्हणावं, कारण सकाळी आठला पन्नासची नोट कोणाकडेच नसते. कलाकाराने स्वतः शेजारी उभं राहून सही करावी. ही शेवटची अट आपल्याला जरा अडचणीची आहे, मला कल्पना आहे.

क्यूआर कोडचा ठोकळा मात्र बिनधास्त लावा. त्यावर येणारे पैसे माझ्या खात्यात जमा होतात.

गिऱ्हाईक तीन प्रश्न विचारेल, त्यांची उत्तरं पाठ करा. ‘यूट्यूबवर आहे का?’ आहे. कोणीतरी पूर्ण सीडी चढवून ठेवली आहे, वर गणपतीचं चित्र लावून. ‘पेन ड्राइव्हमध्ये आहे का?’ बहुतेक असेल. रस्त्यावर चार हजार गाण्यांचा पेन ड्राइव्ह मिळतो, त्यात कुठेतरी मीही असेन. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: ‘ही लावायची कशात?’ नव्या गाडीत खाच नाही, नव्या लॅपटॉपला नाही, आणि घरचा प्लेअर लोकांनी भंगारात दिला. इथे मी आजवर निरुत्तर झालो आहे. आपल्याला काही सुचलं तर कळवा.

दुकानात ठेवू म्हणाल, तर आधी दुकान शोधा. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं, तेव्हा लोक शेवटचं बघायला रांगा लावून गेले होते; त्यातल्या निम्म्यांनी आधी रांगा लावल्या असत्या तर बरं झालं असतं. एखादा जुना दुकानदार भेटला तर तो माल जांगड घेईल. म्हणजे विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत, आणि दोन्हीसाठी हेलपाटे आपलेच. माझ्या जांगडवहीत सहा दुकानांची नावं आहेत. त्यांपैकी दोन दुकानांत आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

ऑनलाइन चढवायचा विचार मनात आला असेल, तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा क्रमांक असतो, बारा अक्षर-अंकांचा. आधारसारखा समजा, आधारलाही आकडे बाराच. माझ्या सातही मुद्रणांचे क्रमांक माझ्या नावावर नोंदलेले आहेत. आणि इतकं करून हाती काय लागतं? महिनाभर लोकांनी ऐकलं तर एका सीडीच्या पुठ्ठ्याचा खर्च निघतो. मी हिशेब पाहायचं सोडून दिलं आहे.

हक्कांची बाजूही माहीत असावी. माझ्या सीडीवर ‘मानापमान’मधली दोन पदं आहेत. त्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते १९५५ साली गेले, आणि आपल्याकडे संगीतकाराचा हक्क त्याच्या पश्चात ६० वर्षं चालतो, म्हणून त्या आता सगळ्यांच्या. (टेंबे स्वतः अव्वल पेटीवादक होते. आपण त्यांचीही पेटी बाजूला सारली असती.) पण ‘कुलवधू’मधलं पद मास्तर कृष्णरावांच्या चालीचं. मास्तर १९७४ साली गेले, तेव्हा ते २०३४ संपेपर्यंत हक्कात आहे. त्याच्या परवानगीसाठी मी पत्रं लिहिली, पैसे भरले, पावती फायलीत ठेवली. आपण १६० सीडी पावतीशिवाय नेल्यात, त्यामुळे आपला व्यवहार माझ्यापेक्षा पुष्कळ सुटसुटीत झाला.

एक करू नका, नकला काढू नका. कायद्याची गंमत पाहा. पहिल्यांदाच सापडलात तर नेलेल्या मालाच्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. किमान किती, ते सांगितलेलं नाही. पण त्याच सीडीच्या बेकायदा प्रती काढून विकल्यात तर कॉपीराइट कायद्याच्या ६३व्या कलमाने सहा महिन्यांपासूनच सुरुवात, आणि दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत. गणपतीचं चित्र लावणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नाही. खरं सांगायचं तर माझा त्याच्यावर जास्त राग आहे. आपण निदान सात-आठ किलो वजन स्वतःच्या हाताने उचललंत. तो घरी बसून, चहा पीत, अख्खी मैफल घेऊन गेला आणि खाली ‘कलेच्या प्रसारासाठी’ असं लिहून पुण्य मिळवून बसला. चारशे लोकांनी त्याचे आभार मानले आहेत. माझे तिघांनी, त्यांतला एक मीच.

पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा हवालदारसाहेबांनी लिहिता लिहिता विचारलं, ‘सीडी? अजून चालतात का हो?’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. मग म्हणाले, ‘किंमत किती लावू?’ मी ताठ मानेने म्हणालो, छापील किंमत २५०, गुणिले १६०, चाळीस हजार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही माझ्याकडे बघितलं.

घरी येऊन वकील मित्राला फोन केला, आणि आता आपल्या हिताची गोष्ट सांगतो, नीट वाचा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३०३मध्ये, एक सोय आहे. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, गुन्हा पहिल्यांदाच सिद्ध होत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा तुरुंगाची नाही, समाजसेवेची. हे वाचल्यावर मी कागद घेऊन बसलो. छापील किमतीने चाळीस हजार होतात. पण त्या किमतीला त्या कोणी घेतलेल्या नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? उत्पादन खर्चाने धरल्या तर नगाला तीस, म्हणजे ४,८००. डबा दीडशेचा. एकूण ४,९५०. चकल्या आपण खाल्ल्या असतील, त्या मी धरत नाही. चार वर्षांचा रियाज, दोन दिवसांचं मुद्रण, तबलजीचं मानधन, हेही धरत नाही. बाजारानेही ते कधी धरलं नव्हतं. पुरवणी जबाब द्यायला मी तयार आहे.

पत्ता शोधावा लागणार नाही. ध्वनिमुद्रण ज्याचं, त्याचं नाव आणि पत्ता वेष्टनावर छापलाच पाहिजे, असं कलम ५२अ सांगतं, आणि मी कायदा पाळणारा माणूस आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान प्रत्येक मुद्रणाच्या शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगायच्या, कारण तबकड्या जर्मनीत हानोव्हरला निघायच्या आणि तिथल्या कारागिरांना गाणं कोणाचं ते कळावं लागे. माझा पत्ता तेवढा दूर नाही. पाकिटाच्या मागे, खाली डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत आहे. बॅग दाराशी ठेवून गेलात तरी चालेल. मी घरीच असेन, स्टेटसला काही टाकणार नाही.

समाजसेवेचा प्रश्न आला तर न्यायालयाला माझी विनंती तयार आहे. पुढच्या दिवाळी पहाटेला टेबलावर आपल्याला बसवावं. भाच्याने नकार दिला आहे, आणि गर्दीतून माल हलवण्याचा अनुभव आपल्याइतका आमच्याकडे दुसऱ्या कोणाला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पेटीवादक

ता. क. सीडी राहू द्या, एक वेळ ठेवून घ्या. पण डबा पाठवा. त्याच्या बुडाशी मावशीचं नाव आणि तिच्या लग्नाची तारीख कोरलेली आहे. चोरी झाली हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि तिने दोनदा विचारलं आहे.