एक लांब, दोन आखूड

१९८१च्या आयबीएम पीसीने आजार शिट्ट्यांनी कळवायची रीत पाडली. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक; एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्लेची तक्रार. कुकरवर वाढलेल्या घरात मात्र तीन शिट्ट्या म्हणजे भात झाला.

आता बऱ्याच मदरबोर्डांसोबत स्पीकरच येत नाही.

विंडोज ८ने २०१२ मध्ये निळ्या पडद्यावर रडका चेहरा आणला. खाली कधी लिहिलेलं असतं ‘मेमरी मॅनेजमेंट’. दोष रॅमचा की ड्रायव्हरचा, यावर चेहरा मौन पाळतो.

दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा यातलं काहीच वाचत नाही. झाकण काढतो, रॅमची पट्टी उपसतो, तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासतो आणि ‘खट्ट’ होईपर्यंत दाबून बसवतो. मशीन चालू.

बिलावर लिहितो : ‘अ‍ॅडव्हान्स्ड डायग्नोसिस’.