चादर टाकलेली लक्झरी

छोटी आलिशान एसयूव्ही कोणती घ्यावी, हे ऑकलंडच्या सँडरिंगहॅममध्ये शोरूम नाही, सँडरिंगहॅम रोडवरचं किराणा दुकान ठरवतं. ऑडी क्यू-थ्रीची डिकी लिटरांत मोजतात म्हणे. पण आमचा हिशेब कणकेच्या पोत्यांत. दुसरी कसोटी : ईडन पार्क स्टेडियमवर सामना असताना गल्लीत गाडी मावेल का? ऑल-व्हील ड्राइव्ह हवंच! पण चढायचं कुठे? शेजारच्या माउंट ईडन टेकडीच्या माथ्यावर सर्वसाधारण मोटारींना 2016पासून बंदी. शेवटचा निकाल पुण्याहून आलेल्या आईचा. गुडघा न कुरकुरता ती मागे बसली, पांढऱ्या लेदरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे रे. पण जुनी चादर टाक वर, डाग पडतील."