दोन बोटे बाहेर

कारखान्यातून आलेली चाके अरुंदच असतात, अशी ज्याची उपजत श्रद्धा असते, तो रुंदचाकी पुरुष पुण्या-नाशिककडच्या बहुतेक गृहनिर्माण संस्थांत आढळतो. त्याच्याकडे बहुधा थार असते, आणि अंतर, प्रगती व सौख्य या सर्वांसाठी तो ‘बोट’ हे एकच परिमाण वापरतो. ‘चाक अजून दोन बोटे बाहेर हवे’ एवढेच त्याचे तत्त्वज्ञान.

टायरवरील २५५/६५ आर १८ या खुणेतील पहिला आकडा रुंदीचे मिलिमीटर, दुसरा त्या रुंदीच्या टक्केवारीत टायरच्या भिंतीची उंची आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत सांगतो. त्याजागी २८५/६५ चा टायर बसवला की रुंदी ३० मिलिमीटरने, म्हणजे जेमतेम दोन बोटांनी वाढते. पैकी एक बोट आतल्या बाजूस वाया जाते, याचे त्याला मनस्वी दुःख होते, आणि मग तो ऑफसेट, म्हणजे रिमची मध्यरेषा व हबला टेकणारी रिमची बाजू यांतील अंतर, घटवून चाक बाहेर ढकलतो. उघड्या पडलेल्या चाकाचा चिखल काचेवर उडू नये म्हणून वरच्या कमानीला फेंडर फ्लेअर, म्हणजे प्लास्टिकची वाढीव पाळ, जोडावी लागते; आधी बाल्कनी बाहेर काढावी आणि मग पावसासाठी तिच्यावर पत्रा टाकावा, त्यातलाच हा प्रकार.

बेअरिंगवरचा भार वाढतो, वळताना टायर आत घासतो, स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०५ च्या आसपास धावते; आणि निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करणारे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ कोणी वाचून दाखवलेच, तर ‘दोनच बोटे तर आहेत’ हे उत्तर तयार असते. वाहनतळातील पिवळ्या पट्टीबाहेर येणाऱ्या त्याच्या चाकाविरुद्ध शेजारी लेखी तक्रार करतो, आणि ती रास्तच असते.

तथापि संस्थेच्या कोकण सहलीत, नको तिथे, म्हणजे थेट पुळणीत घातलेली त्याच शेजाऱ्याची छोटी गाडी रुतते आणि भरती चढू लागते, तेव्हा कोणी न बोलावताही तोच येतो, टायरांतली हवा अर्ध्यावर उतरवतो (त्यामुळे जमिनीला टेकणारा भाग वाढून वाळूवरचा दाब घटतो), पट्टा बांधतो आणि गाडी ओढून काढतो. आभार न ऐकताच तो खाली वाकून पाळीवरचा ओरखडा बोटांनी मोजत राहतो.

तक्रार मागे घेतली जाते. चाक अद्याप पट्टीबाहेरच असते, दोन बोटे.