शुद्ध ऑक्सिजन, वेळ पहाटे ५ ते ७

पुण्यात आमच्या भागातल्या नव्या ‘ऑक्सिजन पार्क’च्या फाटकावर पाटी लागली आहे : ‘शुद्ध ऑक्सिजन. वेळ पहाटे ५ ते ७.’ सातनंतर त्याचं काय करतात, ते लिहिलेलं नाही. कुलपात ठेवत असावेत.

हा मुहूर्त ज्याने काढला, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हवा. शहराच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सर्वांत जास्त साठतो तो साधारण याच सुमारास. रात्री जमीन थंडावते, खालची हवा वर चढत नाही, गाड्यांनी सोडलेलं सगळं तिथंच कोंडून राहतं. हिवाळ्यात तर विचारूच नका. झाडंही रात्रभर कार्बन डायऑक्साइडच सोडतात. त्यांना पाटी वाचता येत नाही. ऊन चढून हवा ढवळली, पानं कामाला लागली, की दुपारी तो उतरतो. तेव्हा पार्क बंद.

आता ऑक्सिजन. हवेत तो सुमारे २१ टक्के. पार्कात तेवढाच, बाहेरच्या वडापावच्या गाडीवरही तेवढाच. वडापाववाला त्याचे पैसे लावत नाही. इथं मात्र वार्षिक पास आहे, पासावर फोटो आहे, ज्येष्ठांना सवलत आहे. उद्या दीर्घ श्वास घेणाऱ्यांना जादा आकार लागेल, लहान फुप्फुसांना अर्धं तिकीट निघेल आणि न वापरलेला ऑक्सिजन पुढच्या महिन्यात वळता करून मिळेल. तो घ्यायला मंडळी येतात कशानं? गाडीनं! दोन गल्ल्या ओलांडून! फाटकाशी गाड्यांची दुहेरी रांग, ड्रायव्हर एसी लावून पेंगतोय, इंजिन चालू. साहेब आत अनुलोम-विलोम करून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या कितीतरी पट त्यांची गाडी बाहेर सोडते. अहो, बंद करा ना ती! आणि झाडांच्या बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक ठोकलेत, पाणी मुरायला बोटभर जागा नाही. झाडाचा गळा आवळायचा आणि त्याच्याच नावानं पास विकायचे, याला निलाजरेपणा म्हणतात.

चौकातल्या हवेच्या फलकावर यातलं काही दिसणार नाही. आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषकं आहेत, कार्बन डायऑक्साइड त्यांत नाही. औद्योगिक क्रांतीआधी जगाच्या हवेत तो दशलक्ष भागांत २८० होता, आज ४२०च्या वर आहे. अमेरिकेतल्या फीनिक्स शहराच्या मध्यभागी १९९०च्या दशकातच तो ५५०च्या वर मोजला गेला. तोही पहाटे.

पास काढलाच असेल, तर निदान चालत जा. ड्रायव्हरला त्याच्या घरी झोपू द्या.