विकायची नाही

जुनी गाडी सडत ठेवलेल्या माणसाला एकदा विचारून बघा, विकणार का म्हणून. चाकं मातीत रुतलेली असोत, टपावर कोंबड्या बसत असोत, उत्तर ठरलेलं. 'विकायची नाही. एक दिवस मी ती नीट करणार आहे.' हे सांगणाऱ्याने हातात पाना धरून जमाना झालेला असतो. त्याच्या बायकोला हे वाक्य पाठ असतं, आणि तो ते म्हणत असताना ती दुसरीकडे बघते.

अमेरिकेत मिशिगनसारख्या राज्यात हा संवाद शेतावरच्या लाल लाकडी कोठारासमोर होतो. आत गवताचे गठ्ठे, मोडका ट्रॅक्टर, नातवंडांच्या सायकली आणि सगळ्याच्या मागे ताडपत्रीखाली एक लांबलचक काहीतरी. जुन्या गाड्यांचा नाद असलेली मंडळी अशा सापडलेल्या गाडीला 'बार्न फाइंड' म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात. न जाणो, दुसरा कुणी ऐकायचा आणि आधी पोचायचा.

माझे दाजी त्यातलेच. मूळचे कोल्हापूरचे, उद्यमनगरात वडिलांच्या वर्कशॉपमध्ये वाढलेले. सगळी नोकरी डेट्रॉइटच्या आसपास मोटारींचे सुटे भाग कागदावर काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, दाजी लोकांच्या कोठारात डोकवायला लागले. अशाच एका कोठारात त्यांना १९६८ ची प्लिमथ रोडरनर दिसली. म्हातारा शेतकरी अर्थातच विकायला तयार नव्हता. तोडगा काढला त्याच्या बायकोने. व्हरांड्यातून ती म्हणाली, "क्लच गेला तेव्हा थोरला माझ्या पोटात होता. आता थोरल्याला टक्कल पडलंय." म्हाताऱ्याने निमूटपणे कागद शोधायला घेतले.

ही गाडी म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडं सांगायला हवं. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत भलंमोठं इंजिन कोंबायचं आणि तरुण पोरांना परवडेल अशा भावात विकायचं. या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून मानतात, आणि ती सुरुवात एका पळवाटेतून झाली. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटिअॅकच्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी ३८९ घनइंचांचं इंजिन नवी गाडी म्हणून आणलंच नाही. जुन्याच गाडीवर मिळणाऱ्या जादा सामानाच्या यादीत ते घातलं. नियम गाडीला होता, यादीला नव्हता. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत या माणसांचं उत्तम चाललं असतं.

रोडरनर ही या जातीतली काटकसरी गाडी. किंमत २,९०० डॉलरच्या आत. खाली गालिचा नाही, साधी चटई. चैनीचं म्हणून काही नाही. पण इंजिन ३८३ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ आठ मारुती ८०० एकाच बॉनेटखाली, आणि ताकद ३३५ अश्वशक्ती. शिवाय कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायचं म्हणून प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले आणि हॉर्नही त्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' करणारा बसवला. चटईत वाचवायचं आणि हॉर्नवर उडवायचं, हे धोरण चुकीचं म्हणता येत नाही, कारण पहिल्याच वर्षी सुमारे ४५,००० गाड्या खपल्या. मग विम्याचे हप्ते चढले, धुराचे कायदे कडक झाले, १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, आणि पोरंही एव्हाना बाप झाली होती. या गाड्या कोठारात गेल्या त्या अशा. क्लच हे निमित्त.

अर्थात निमित्तालाही कमी लेखू नये. 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून पळवलेली हिरवी मस्टँग १९७४ मध्ये न्यू जर्सीच्या एका गृहस्थाने जाहिरात वाचून ६,००० डॉलरना घेतली. त्याची शिक्षिका बायको त्या गाडीने शाळेत जात असे. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली; गृहस्थ काही विकेना. १९८० च्या सुमाराला क्लच गेला, गाडी उभी राहिली आणि उभीच राहिली. जानेवारी २०२० मध्ये लिलावात तिला ३७ लाख ४० हजार डॉलर आले. त्या बाईंना वेळेवर क्लचप्लेट बदलून मिळाली असती तर गाडी शाळेच्या फेऱ्यांतच झिजून भंगारात गेली असती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

याउलट, गाडी ठरवून जपायला गेलं की काय होतं ते ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराने दाखवून दिलं. १५ जून १९५७ रोजी, राज्याच्या पन्नाशीनिमित्त, तिथे कोर्टाच्या हिरवळीखाली एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडेर पुरली. ही रोडरनरच्याच घराण्यातली. पन्नास वर्षांनी उघडायची, असा बेत. काँक्रीटचा खड्डा अणुबाँबलाही दाद देणार नाही, अशी ग्वाही होती. सोबत पेट्रोलचे डबे ठेवले होते, २००७ साली पेट्रोल मिळेल न मिळेल. बिअरही ठेवली, ती मिळेल की नाही याची काळजी बहुधा अधिक असावी. डॅशबोर्डच्या खणात बाईच्या पर्समध्ये असतं ते सगळं घातलं: लिपस्टिक, केसांच्या पिना, च्युइंग गम, आणि न भरलेली पार्किंगच्या दंडाची पावती. २००७ मध्ये शहराची लोकसंख्या किती असेल याचा अचूक अंदाज करणाऱ्याला गाडी बक्षीस.

पन्नास वर्षांनी झाकण काढलं तर खड्ड्यात पाणी. अणुबाँब आलाच नाही, पाणी मात्र हळूच आलं होतं. गाडी चिखलाने माखलेली, आतल्या गाद्यांचा लगदा, पत्र्याला हात लावायची सोय नाही. अंदाज जिंकणारा गृहस्थ १९७९ मध्येच वारला होता. गाडी त्याच्या म्हाताऱ्या बहिणींकडे गेली. पुढे एका माणसाने तिच्या अंगावरचा गंज उतरवला. आता ती इलिनॉयमध्ये रोस्को गावच्या संग्रहालयात आहे. बाहेरून ओळखू येते, चालण्याचा प्रश्नच नाही.

दाजींच्या म्हाताऱ्याने यातलं काहीही केलं नव्हतं. त्याच्या कोठाराच्या फळ्यांत बोटभर फटी, त्यातून वारा खेळायचा. कुणी गाडीला हात लावला नाही, कुणी पुसली नाही, कुणी तिच्याबद्दल भाषण केलं नाही. आळस आणि हवा एवढ्यावर ती तगली. अगदी जशीच्या तशी मात्र नाही. खाली मातीची जमीन. तिची ओल वर्षभर वर येते, म्हणून वरचा पत्रा बरा आणि तळ चाळण, अशी या गाड्यांची गत असते. शिवाय कोठारात जाण्याआधीचे पाच-सहा हिवाळे तिने रस्त्यावर काढले होते. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे १,२०० फूट खोल मिठाची प्रचंड खाण आहे, आणि बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ फेकतात. वर कारखान्यात गाडी तयार होणार आणि तळघरात तिचा काळ दबा धरून बसणार. माणसं खाल्ल्या मिठाला जागतात. पत्र्याला ते काही जमत नाही.

सोडवणुकीचे पहिले दिवस उंदरांचे. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, मागच्या सीटमध्ये दुसरं, डॅशबोर्डच्या खणात अक्रोडाच्या टरफलांचा ढीग. कारखान्यात गाडी पट्ट्यावर असताना तिला कुठला भाग लावायचा याचा एक कागद सोबत फिरे, आणि कामगार तो बहुतेक सीटच्या स्प्रिंगात खोचून देत. जाणकारांच्या लेखी हा कागद म्हणजे गाडीची जन्मपत्रिका. दाजींना तो सापडला, पण अर्धाच. उरलेल्या अर्ध्यावर उंदराच्या कित्येक पिढ्यांची बाळंतपणं झाली होती. तरी दाजी तो ताटलीएवढा तुकडा दोन काचांत घालून दिवाणखान्यात लावू म्हणत होते. "वास येतोय त्याला," ताई म्हणाली. विषय तेवढ्यावर मिटला.

मग पत्रा कुठे खरा आणि कुठे लांबी भरलेली, हे तपासायचं काम. त्यासाठी चुंबक लागतं. दाजींनी ताईच्या फ्रिजवरचा सिद्धिविनायक काढला, मऊ फडक्यात गुंडाळला आणि गाडीवर इंचाइंचाने फिरवायला सुरुवात केली. गणपती जिथे चिकटला तिथे पत्रा, जिथून घसरला तिथे लांबी. पुढच्या मडगार्डांवर बाप्पा ठाम राहिले. मागच्या चाकांवर मात्र त्यांनी तीन ठिकाणी पाय सोडले. खरवडल्यावर बोटभर जाड लांबी निघाली आणि तिच्यामागे आधाराला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. ताईने चुंबक परत घेतलं, धुतलं आणि फ्रिजच्या अशा उंचीवर लावलं की दाजींना स्टूल लागेल.

इंजिन जाम होतं. स्पार्क प्लग काढून आठही सिलिंडरांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन ओतून ठेवायचं आणि वाट बघायची, याला दुसरा उपाय नाही. घाई करून सेल्फ मारला तर रिंगा तुटतात. दाजी रोज चहा झाला की क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावत, दांड्यावर पाइप चढवत, अलगद जोर देत आणि पाना जागच्या जागी ठेवून आत येत. असं कित्येक दिवस चाललं. एका सकाळी गॅरेजमधून हाक आली. मी गेलो तर दाजी पाइपला लोंबकळले होते आणि पाना अंगठ्याच्या पेराएवढा सरकला होता. "फिरलं बघ!" ते म्हणाले. कोल्हापूरला फोन करून त्यांनी भावालाही तेवढंच सांगितलं, आणि तिकडून 'कुठल्या बाजूला?' एवढा एकच प्रश्न आला.

हॉर्न दुरुस्त व्हायला वेळ लागला नाही. तार साफ करून बॅटरी जोडली आणि तो पन्नास वर्षांचा मुक्काम विसरून 'बीप बीप' करून मोकळा झाला. शेजारचा कुत्रा पुढे आठवडाभर आमच्या फाटकाकडे बघून भुंके.

आता प्रश्न रंगाचा होता. या नादातल्या माणसांत त्यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, गंज आणि उडालेला रंग हीच गाडीची कमाई, तिला हात लावू नका. दुसरा म्हणतो, कारखान्यातून निघाली तशी करा. दाजी दोन्ही बाजूंना मान डोलावत होते. तळाला नवा पत्रा जोडून झाला होता, इंजिन बांधायला गेलं होतं, आणि दाजी गाडीकडे कौतुकाने बघत म्हणाले, "रंगाचं काय, पुढच्या उन्हाळ्यात बघू की. एक दिवस निवांत करू."

ताईने भांडी घासता घासता हे ऐकलं. हात पुसले, रंगवाल्याला फोन लावला, बॉनेटखालच्या पट्टीवर कारखान्याने कोरलेला रंगाचा कोड वाचून दाखवला, जवळातली जवळ तारीख घेतली आणि दाजींच्याच कार्डावरून आगाऊ रक्कम भरून टाकली.