गाडीखालचे गृहस्थ

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर दर ऑगस्टात जुन्या मसल गाड्यांचा मेळा भरतो. 1995 पासून भरतोय. लोक उघड्या बॉनेटांभोवती गर्दी करतात. एक साठीचे गृहस्थ तेवढे गाडीच्या मागे जाऊन सरळ डांबरावर उताणे होतात. मालकाने घाबरू नये. ते बोल्ट मोजतायत. असा एकजण गाडीवेड्यांच्या प्रत्येक टोळक्यात असतोच.

पायातल्या वहाणेवरून पाहुण्याचं गाव सांगणारे म्हातारे असायचे, त्या जातीची यांची नजर. शेव्हरलेच्या मागच्या एक्सलचं झाकण 12 बोल्टांचं निघालं की खालून ‘वा!’ ऐकू येतं. 10 निघाले की नुसतं ‘हं’. त्या ‘हं’नं भल्याभल्यांचा शनिवार नासलाय. फोर्डवाल्यांची परीक्षा निराळी. 8 इंची काय नि 9 इंची काय, मागे झाकणच नाही. पण पुढून तळाच्या नटांवर सॉकेट सरळ बसला तर 8 इंची. तिथे पानाच घालावा लागला तर 9. हे सांगता सांगता गृहस्थ खिशातून सॉकेट काढतात. मेळ्याला येताना लोक टोपी आणतात, हे सॉकेट.

त्यांची स्वतःची 1969 ची शेव्हरले शेव्हेल. इंजिन 307 घन इंचांचं, कंपनीच्याच कागदावर 200 अश्वशक्तीचं. मागच्या 10 बोल्टवाल्याने कधी कुरकुर केली नव्हती. पण स्वतःच्याच गाडीखाली ‘हं’ म्हणायचं? त्यांनी 12 बोल्टवाला पैदा केला, आणि हात घातलाच आहे तर क्राउन-पिनियनही बदलले: 41 दात्यांना 10 दाते, म्हणजे 4.10. आधी 3.08 होतं. आता गाडी सिग्नलला उसळते खरी, पण हायवेवर इंजिन बोंबलतं. त्यात स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येते; तिला मागची उलाढाल कुठून कळणार? खरा वेग 60 मैल, काटा 80 वर. शेजारून बायको ओरडते, “हळू!” हे तिला दात्यांचं गुणोत्तर समजावतात. ती शांतपणे ऐकून घेते आणि पुन्हा ओरडते.

12 बोल्टांवरही जीव थाऱ्यावर राहिला नाही. त्यात चाकाचा शाफ्ट आतल्या टोकाला एका चिमुकल्या सी-क्लिपने धरलेला; शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. फोर्डच्या 9 इंचीत तो बाहेरच्या टोकाला, बेअरिंगपाशी पक्का केलेला. 200 अश्वशक्तीत शाफ्ट तुटायची वेळ यायची नाही, हे मला कळतं, तर त्यांना कळत नसेल? पण गृहस्थांनी उभा जन्म फोर्डला नावं ठेवण्यात घालवलेला, आणि गेला हिवाळाभर त्यांच्या गॅरेजला आतून कडी असायची.

यंदा मेळ्यात त्यांची शेव्हेल भिंतीला बूड लावून उभी होती. मधून मांजर गेलं नसतं.

“दुसरी जागाच मिळाली नाही,” ते म्हणाले.

पार्किंग अर्धं रिकामं होतं.