डांगरी कशाला म्हणायचं?

डांगरी या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. उरण-मोरा भागात तो रोज कानावर पडतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा निघतो. बाळांच्या कपड्यांच्या दुकानात डंगरी मागितली की छातीवर चौकोनी कापड आणि खांद्यांवर दोन पट्टे अशी बिनबाह्यांची पँट पुढे येते. जुने शिंपी तिला गॅलिसची पँट म्हणत, आणि कुणाचा गोंधळ होत नसे. कॉलेजच्या मुली घालतात ती डंगरीही हीच, फक्त मापाने मोठी. पण बंदरात, कंटेनर यार्डात, वर्कशॉपमध्ये डांगरी म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, कॉलरचा, पुऱ्या बाह्यांचा, पुढे चेन लावलेला पोशाख. त्यालाच कुणी बॉयलर सूट म्हणतं, कुणी कव्हरॉल.

मोऱ्याच्या एका पोराला नवं काम लागलं. कंत्राटदाराच्या माणसाने फोनवर एवढंच सांगितलं, ‘सोमवारी डांगरी घालून ये.’ घरच्यांनी बाजारात जाऊन जीन्सची पट्टेवाली डंगरी आणली. पोरगा आत टी-शर्ट घालून गेला आणि गेटवरून परत आला. पहिल्याच दिवशी खाडा. एकदा अंगावर चढलेला कपडा दुकानदाराने परत घेतला नाही. यात पोराची काडीचीही चूक नव्हती. जे मागितलं तेच त्याने आणलं होतं. उघड्या हातांनी वेल्डिंगजवळ कुणी उभं राहू नये, हे गेटवरच्याचं म्हणणंही रास्तच. चूक त्याची, ज्याने एका शब्दात सूचना उरकली.

बाहेरच्या देशांतही यावर एकमत नाही. इंग्लंडमध्ये डंगरीज म्हणजे पट्ट्यांची पँट. अमेरिकेत जुन्या माणसांना त्याच शब्दाने साधी जीन्स कळते, आणि तिथल्या नौदलात खलाशांच्या कामाच्या निळ्या कपड्यांना हेच नाव होतं. त्यांनी काय म्हणावं हा त्यांचा प्रश्न. पण आपण हा शब्द इंग्रजी समजून त्याचा अर्थ तिकडे शोधायला जातो, हे माझ्या मनाला लागतं.

मुळात हे एका जाड्याभरड्या सुती कापडाचं नाव. सतराव्या शतकापासून ते इंग्रजीत सापडतं. या कापडाची शिडं होत, तंबू होत, खलाशांचे कपडे होत. पुढे कापडाचं नाव कपड्यालाच चिकटलं. मुंबईच्या डोंगरीवरून ते पडलं असं सांगतात, आणि मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलं की ती डोंगरी काही लांब नाही. 1886 साली यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश निघाला. हा शब्द आपल्या माहितीतल्या कोणत्याच कोशात नाही, अशी त्यात नोंद आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती तर 1857 मध्येच निघाली होती! शेवटी ‘हॉब्सन-जॉब्सन’च्या 1903 च्या आवृत्तीत विल्यम क्रुक यांनी भर घातली, की मोल्सवर्थ ‘डोंगरी’ हा मराठी शब्द देतो आणि तो डोंगरावरून आला आहे. तेलुगूत अशा कापडाला मिळतंजुळतं नाव आहे, तेही त्यांनी नोंदवलं. गावावरून, डोंगरावरून की तेलुगूतून, हे अभ्यासकांनी ठरवावं. इंग्रजीच्या घरचा हा शब्द नाही, एवढं मात्र नक्की. म्हणून त्याचे अर्थ नीट लावण्याचं कामही आपलंच आहे.

माझं मागणं फार नाही. दुकानदारांनी पट्ट्यांची डंगरी आणि बाह्यांची डांगरी अशा दोन पाट्या लावाव्यात. मराठी कोशांत दोन्ही अर्थ द्यावेत. कंत्राटदारांनी कामावर घेताना कागदावर लिहून द्यावं: पुऱ्या बाह्या, कॉलर, सुती कापड, रंग अमुक. आणि अंगावरचा कपडा कामाच्या सुरक्षिततेसाठी लागत असेल, तर तो पोराच्या घरच्यांनी बाजारात शोधत का फिरावं? तो कामावरच मिळायला हवा. त्या सोमवारची हजेरीही त्याला मिळाली पाहिजे. ती अजून मिळालेली नाही.